साडेचारचा भोंगा आणि तीनशे प्रेक्षक

मोजता येते तेवढेच खरे आणि मोजता येत नाही ते सर्व संशयास्पद, या सिद्धांतावर नीलकंठराव बोधनकर यांनी आयुष्याची अडतीस वर्षे व्यतीत केली होती. जबलपूरच्या रांझी भागातल्या तोफांच्या कारखान्यात ते तपासनीस होते. लोखंडाचा तुकडा कितीही कुलीन दिसो, नीलकंठरावांच्या कॅलिपरच्या दोन जबड्यांतून सुखरूप बाहेर पडल्याखेरीज तो देशाच्या संरक्षणास पात्र ठरत नसे. सेवानिवृत्तीनंतर कारखाना सुटला, परंतु कॅलिपर सुटला नाही. तो सदऱ्याच्या खिशात राहून त्यांच्या हृदयाची धडधड ऐकत असे. पोळीचा व्यास मोजणे मात्र त्यांनी थांबवले होते. कारण त्यांच्या पत्नी विभावरीबाई यांनी एकदा लाटण्याचीही लांबी मोजून घ्या अशी सूचना केली होती, आणि ती करताना लाटणे उभे धरले होते.

अशा या काटेकोर पुरुषाच्या हाती गेली एकतीस वर्षे 'विजयध्वज फुटबॉल क्लब, रांझी' या संस्थेचे सचिवपद असावे, हे विधिलिखितच म्हटले पाहिजे. विजयध्वज हा जिल्ह्याच्या लीगमधील कनिष्ठ विभागाचा क्लब. तो वर जात नसे, कारण जिंकत नसे. आणि खाली जात नसे, कारण खाली काही नव्हते. खेळाडू सगळे कारखान्यातले. शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते तीन वाजता मैदानात उतरत. रविवार मिळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण रविवारी मैदान क्रिकेटचे असे, आणि जबलपुरात क्रिकेट चालू असता लग्नाची वरातसुद्धा वळसा घालून जाते.

नीलकंठराव प्रत्येक सामन्याची नोंदवही ठेवत. तीत आपल्यावर झालेला प्रत्येक गोल मिनिटासह लिहिलेला असे. गेल्या तीन वर्षांत विजयध्वजवर एकेचाळीस गोल झाले होते आणि त्यांपैकी एकोणतीस शेवटच्या पंधरा मिनिटांतले होते. या गूढ घटनेवर त्यांनी पुष्कळ चिंतन केले आणि खेळाडूंचा दम कमी पडतो असा निष्कर्ष काढून भिजवलेले चणे व गूळ सुरू केले. गोल होण्याचे थांबले नाही. खेळाडूंचे वजन तेवढे वाढले.

प्रेक्षक सरासरी एकोणीस. मैदान बस-थांब्याला लागून असल्यामुळे बस उशिरा आली तर हा आकडा सव्वीसपर्यंत जाई, आणि बस येताच अत्यंत रोमहर्षक क्षणीही तो एकदम चारवर येई. त्या चारांत भय्यासाहेब नित्य असत. भय्यासाहेब हे दीक्षितपुऱ्यातले, मराठेशाहीच्या चाकरीपासून जबलपुरात स्थिरावलेल्या घराण्यातले, आणि त्यामुळे कोणत्याही विषयावर उभ्या उभ्या निर्णय देण्याचा त्यांना वंशपरंपरागत अधिकार होता.

जानेवारीच्या आरंभी लीगच्या कार्यालयाचे पत्र आले. हिंदीतले ते पत्र नीलकंठरावांनी तीनदा वाचले. आशय असा होता की, ज्या क्लबला लोकांचा आधार नाही त्याला शहरात जागा अडवण्याचा अधिकार नाही. सबब प्रत्येक क्लबने घरच्या एका सामन्यास किमान तीनशे दर्शक उपस्थित असल्याचे कार्यालयाच्या निरीक्षकासमोर सिद्ध करावे. मोजणी दोनदा होईल, मध्यंतरात आणि सामना संपताना. सिद्ध न झाल्यास विजयध्वज क्लब शहरातील एका मोठ्या क्लबात विलीन करण्यात येईल व त्याचे नाव नोंदवहीतून काढण्यात येईल.

"विलीन!" नीलकंठराव म्हणाले. मिठाच्या खड्याला समुद्रात टाकताना जे सांगितले जात असेल तेच आपल्याला सांगण्यात आले आहे, असे त्यांना वाटले.

"तीनशे?" भय्यासाहेब म्हणाले, "नीलकंठ, आमचे पूर्वज इथे आले तेव्हा सैन्य घेऊन आले होते, तरी त्यांना पाहायला तीनशे लोक जमले नव्हते."

शेजारचे तिवारीजी कुंपणावरून ऐकत होते. "भंडारा कर दो, भैया," ते म्हणाले. "पूड़ी-सब्जी. जबलपुर में पूड़ी के पीछे पाँच सौ आदमी तो यूँ ही चले आते हैं."

"पण तिवारीजी, त्यांनी फुटबॉल बघितला पाहिजे."

"अरे, पूड़ी खाते-खाते जो दिख जाए, देख लेंगे."

नीलकंठरावांनी प्रथम प्रतिष्ठेचा मार्ग धरला. त्यांनी साठ भित्तिपत्रके स्वहस्ते चिकटवली, प्रत्येक जमिनीपासून बरोबर पाच फूट उंचीवर. दुसऱ्या दिवशी त्या सर्वांवर स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीची पत्रके होती. मग ते स्वतः त्या शिकवणीत गेले आणि तरुणांपुढे क्रीडा व राष्ट्र या विषयावर बोलले. चाळीस तरुण सरावाला आले, मैदानाच्या कडेला ओळीने बसले आणि दोन तास आपापल्या फोनवर परदेशातील फुटबॉल पाहून निघून गेले.

त्या संध्याकाळी नीलकंठराव जेवले नाहीत. विभावरीबाई पुढे येऊन बसल्या.

"अहो, तुम्ही काहून इतका जीव टाकून राहिले? तीनशे माणसंच पाहिजेत ना?"

"प्रेक्षक पाहिजेत."

"प्रेक्षक म्हणजे माणसंच की. मी काय म्हणते, संक्रांत होऊन राहिली. आमच्या मंडळाचं हळदीकुंकू यंदा मैदानावर ठेवू."

नीलकंठरावांनी अडतीस वर्षे तोफांचे भाग तपासले होते, परंतु एवढा मोठा दारूगोळा आपल्याच स्वयंपाकघरात पडून आहे याची त्यांना कल्पना नव्हती. 

"रांझीत मराठी घरं नव्वद," त्या बोटे मोजू लागल्या. "पण मागच्या साली आपल्या घरी तिवारीण, शुक्लाईन, सगळ्या आल्या होत्या. स्टीलची वाटी मिळते म्हटलं की अख्खी कॉलनी येते. आणि बोलावणं सगळ्यांना. ज्यांना कुंकू लावायचं त्या लावतील, नाही त्या तिळगूळ घेतील. वाटी सगळ्यांना सारखी."

"पण हळदीकुंकवाला बाया पाच मिनिटं थांबतात. कुंकू, अत्तर, वाण, की चालल्या पुढच्या घरी."

"म्हणून वाण सामना संपल्यावर," विभावरीबाई म्हणाल्या, आणि नीलकंठराव जेवले.

मंडळाने तीनशे साठ वाट्या आणल्या. नीलकंठरावांनी त्या सर्व कॅलिपरमधून काढल्या आणि बारा नापास केल्या. विभावरीबाईंनी त्या बारा घरात वापरायला घेतल्या. अशा रीतीने तीनशे अठ्ठेचाळीस उत्तीर्ण वाट्या पोत्यांत भरल्या गेल्या.

आता परवानगी. मैदान ज्या कार्यालयाच्या ताब्यात होते तिथे श्यामसुंदरजी नावाचे लिपिक होते. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्यापाशी एक फॉर्म होता, एवढाच त्यांचा दोष.

"फुटबॉल के लिए परमिशन नहीं लगती, अंकल. आप तो हर शनिवार खेलते हैं."

"पण यंदा लोक येणार आहेत. तीन सौ."

श्यामसुंदरजींनी चष्मा काढला. "सौ के ऊपर पब्लिक हुई तो आयोजन हो गया. प्रकार बताइए. विवाह, धार्मिक, राजनीतिक, कि शोक?"

"खेल."

"खेल का खाना नहीं है." त्यांनी फॉर्म फिरवून त्यावरचे चारच रकाने दाखवले. "और फुटबॉल देखने तीन सौ आदमी? अंकल, सच-सच बताइए, चुनाव लड़ रहे हो क्या?"

नीलकंठरावांचा अभिमान दुखावला, तथापि त्यांनी संयम ठेवला. विवाह शक्य नव्हता. शोक काहीसा समर्पक होता, पण अशुभ. शेवटी हळदीकुंकू हे आहेच, या न्यायाने त्यांनी 'धार्मिक' या शब्दावर खूण केली, आणि इथेच नियतीने आपली शिट्टी तोंडात घेतली.

"पुरोहित का नाम?"

"पुरोहित नाही."

"खाली नहीं छोड़ सकते. कोई तो होगा जो बीच में खड़ा होके सब करवाएगा?"

मध्ये उभा राहून सर्व करवून घेणारा मनुष्य एकच होता, तो म्हणजे पंच. पंच दिवाकर हे शाळेत कवायत शिकवत. पुरोहिताच्या जागी दिवाकर यांचे नाव पडले.

"अग्नि प्रज्वलित होगी?"

"नाही."

"वाद्य?"

"शिट्टी."

श्यामसुंदरजींनी लिहिले, 'वाद्य: सीटी, एक नग.' शिक्का मारून त्यांनी हात जोडले आणि प्रसाद पाठवण्यास सांगितले.

शनिवार उजाडला. हवा स्वच्छ, ऊन कोवळे, समोरचा संघ पाटणचा. पाटणचे खेळाडू धान्याच्या व्यापारातले. गव्हाची पोती उचलून त्यांचे खांदे दारासारखे झाले होते. नीलकंठराव एक वाजता सायकलीवरून मैदानात पोहोचले आणि जागच्या जागी खिळले. मांडव उभा होता. मांडव सुंदर होता. आणि मांडवाची पाठ मैदानाकडे होती.

"भैया, ये उल्टा काहून लावला?" घाईत नीलकंठरावांच्या दोन्ही भाषा एकमेकींत शिरल्या.

मांडववाल्याने खिशातून परवानगीची प्रत काढली. "धार्मिक लिखा है, बाबूजी. धार्मिक पंडाल पूरब मुँह लगता है. मैदान पच्छिम में है, तो हम क्या करें? मैदान घुमवा लो."

मांडव फिरवण्यास चार तास लागले असते. नीलकंठरावांपाशी दोन होते.

लीगची निरीक्षक आली ती एक तरुण मुलगी, नाव प्रणोती. हातात बोटाने दाबायचे मोजणीयंत्र होते. नाव ऐकून नीलकंठरावांना आशा वाटली.

"तुम्ही मराठी?"

"हो अंकल. मला समजतं सगळं, पर बोलता ठीक से नहीं आता," ती संकोचाने म्हणाली. "घर में दादी बोलती है."

दोनपासून बायका येऊ लागल्या. काय वर्णावे! काळ्या चंद्रकळा आल्या, नव्या जरीच्या साड्या आल्या, तिवारीणबाई सात जावांसह आल्या, शुक्लाईन आल्या, ज्यांना हळदीकुंकू म्हणजे काय हे ठाऊक नव्हते त्या ठाऊक असणाऱ्यांच्या दुप्पट आल्या. सामना सुरू झाला तेव्हा मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. एकतीस वर्षांच्या सचिवपदात नीलकंठरावांनी असे दृश्य पाहिले नव्हते. त्यांचा हात आपोआप खिशातील कॅलिपरकडे गेला आणि एवढ्या समुदायाला कुठून पकडावे हे न सुचून परत आला.

पण त्या सर्व तोंड करून बसल्या होत्या पूर्वेला. पाठीमागे बावीस माणसे धापा टाकत होती आणि पुढे ध्वनिक्षेपकावर उखाणे चालले होते. भय्यासाहेब मात्र भिंतीसारख्या पसरलेल्या पाठींकडे पाहून प्रसन्न होते. "नीलकंठ, जबलपुराने फुटबॉलकडे पाठ फिरवली असं मी नेहमी म्हणायचो. आज डोळ्यांनी पाहिलं."

पावणेचारला मध्यंतर झाले. प्रणोतीने यंत्र दाबत एक फेरी मारली आणि नीलकंठरावांना आकडा दाखवला. सदतीस.

"सदतीस? अगं, चारशे बाया बसल्या आहेत!"

"बैठी हैं, अंकल. पण दर्शक वो होता है जो देखे. इनकी तो पीठ है." तिचा स्वर नरम होता. "नियमात लिहिलंय. मी क्या करूँ? अंत में फिर गिनूँगी."

नीलकंठरावांना तिचा राग आला नाही. मापात न बसणारी वस्तू त्यांनीही आयुष्यभर अशीच, नरम स्वरात, परत केली होती.

ते विभावरीबाईंकडे गेले. "यांना वळायला सांग."

"हळदीकुंकवात कुणाला वळा म्हणता येते का? पान्याने फिरवायचा नट आहे का तो?" विभावरीबाई म्हणाल्या. मग त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. ध्वनिक्षेपक हातात घेऊन त्यांनी घोषणा केली, "आता ज्यांचे यजमान मैदानावर खेळून राहिले, त्या बाया उखाणा घेतील."

पहिली उठली क्षमा, गोलरक्षक बळीरामची बायको. बळीराम घणाच्या शॉपमधला. वीस वर्षे वाफेच्या घणाशेजारी उभे राहून त्याच्या दोन्ही कानांनी जगाशी संबंध तोडला होता. क्षमाने पदर सावरला, घसा साफ केला:

"भट्टीत तापतं लोखंड, घणाखाली होतं सरळ,
बळीरामरावांच्या जाळीत चेंडू जातो अगदी विरळ!"

मांडव हसला. "हे बळीरामराव कोणते हो?" एकीने विचारले. "ते बघा, हिरवे मोजे," क्षमा म्हणाली. वीस-पंचवीस माना वळल्या. पुढची उठली तेव्हा पन्नास वळल्या. प्रत्येक उखाण्यासरशी एक नवरा ओळखून काढण्याचे कुतूहल वाढत गेले. "हाच का तुमचा? बरा धावतो की." "घरी दूध आणायला सांगितलं तर नाही धावत." सामना शून्य-शून्य होता. सव्वाचार वाजले. अर्धा मांडव वळला होता, आणि नीलकंठरावांच्या मनात आशेचा अंकुर फुटला होता.

आणि मग साडेचारचा भोंगा झाला.

रांझीत राहणाऱ्याला भोंग्याविषयी काही सांगावे लागत नाही, कारण तो भोंगा ऐकतच नाही. आपण श्वास घेतो हे जसे आपल्याला ठाऊक नसते, तसा तो असतो. भोंगा झाला की कारखान्यात हातातले अवजार खाली ठेवले जाते आणि घरोघर चहाचे आधण चढते. त्यात विचार येत नाही. नीलकंठरावांनी या दिवसासाठी वाट्या मोजल्या होत्या, जमिनीपासून पत्रकांची उंची मोजली होती, गोलखांबांतील अंतर दोनदा तपासले होते. भोंग्याचा विचार त्यांना शिवलादेखील नव्हता.

चारशे बायका एकदम उठल्या. "अगं बाई, ह्यांचा चहा!" "चलो दीदी, वो आते होंगे." "वाटी राहू द्या हो, नंतर घेऊ." बायका वाणाशिवाय निघाल्या असे हळदीकुंकू विभावरीबाई प्रथमच पाहत होत्या. त्यांनी ध्वनिक्षेपकावरून नवऱ्याला हाक मारली.

पण नीलकंठराव मैदानावर नव्हते. भोंगा होताच त्यांनी खुर्चीवरची कापडी पिशवी उचलली होती, सायकलीचे कुलूप काढले होते आणि शांत चित्ताने घरचा रस्ता धरला होता. क्लबच्या जीवनमरणाच्या सामन्यात, पंचाहत्तराव्या मिनिटाला, सचिव घरी चालला होता. दर शनिवारी तो असाच जाई, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांतले गोल मागाहून पंचांना विचारून नोंदवहीत लिही. त्यांच्या मनात त्या वेळी कोणताही विचार नव्हता. असलाच तर आल्याच्या चहाचा होता.

बस-थांब्यापर्यंत ते पोहोचले आणि त्यांच्या पाठीमागून एक आवाज आला. तसा आवाज त्या मैदानातून पूर्वी कधी उमटला नव्हता. तो भोंग्यापेक्षा मोठा होता. नीलकंठरावांनी ब्रेक दाबला, पाय टेकला, मागे पाहिले. आणि एकतीस वर्षांच्या नोंदवहीचे रहस्य त्यांच्यापुढे उलगडले.

विजयध्वजचे दहा खेळाडू थांबले होते. एकाने बंडी विजारीतून बाहेर ओढली होती. एक चपला शोधत होता. एक पाटणच्याच खेळाडूला "चलो भाई, नमस्ते" म्हणत होता. भोंगा झाला होता, अवजार खाली ठेवले गेले होते. एकोणतीस गोल! दोष चण्यांचा नव्हता, गुळाचा नव्हता, दमाचा नव्हता; साडेचार वाजत होते, एवढेच. पाटण तालुक्याचे गाव. तिथे ना कारखाना, ना भोंगा. त्यांचा दारासारख्या खांद्यांचा आघाडीचा खेळाडू चेंडू घेऊन एकटा सुटला होता.

आणि आवाज बायकांचा होता. निघायला म्हणून त्या उठल्या होत्या, आणि मांडवाच्या बाहेर पडण्याची वाट मैदानाच्या कडेनेच होती. तिथे त्यांना दिसले की आपली माणसे खुंट्यासारखी उभी आहेत आणि परक्या गावचा एक इसम आपल्या घरात शिरतो आहे.

"अहो धावा! उभे काहून राहिले!"

"अरे पकड़ो उसको! बाई, ये सब सो गए क्या?"

"हिरवे मोजे! ओ हिरवे मोजे!"

बळीरामने भोंगा ऐकला नव्हता. आपले लोक थांबले आहेत हे त्याला दिसले होते, पण आपले लोक थांबलेले पाहण्याची त्याला सवय होती. त्याला ना भोंगा ऐकू आला, ना चारशे बायका. तो फक्त चेंडूकडे पाहत होता. पाटणच्या माणसाने पाय मागे घेतला. क्षमाने दोन्ही हातांनी पदर तोंडावर दाबला. चेंडू सुटला, आणि तो एकेचाळीस वर्षांचा, गुळाने जड झालेला, बहिरा घणकरी हवेत आडवा झाला.

नीलकंठरावांनी पुढे कित्येकांना हा प्रसंग सांगितला, पण तो हवेत किती उंच गेला हे त्यांना कधीच सांगता आले नाही. बोटांची टोके चेंडूला लागली. चेंडू खांबावर आपटला आणि बाहेर गेला. बळीराम धुळीत पडला, उठला, आणि आपल्याकडे सगळे काहून बघून राहिले, अशा नजरेने इकडे तिकडे पाहू लागला.

त्यानंतर काय झाले याला नोंदवहीत रकाना नाही. चहाला निघालेली एकही बाई गेली नाही. त्या सीमारेषेवर येऊन उभ्या राहिल्या, काळ्या आणि जरीच्या साड्यांची एक भिंत झाली, आणि तिचे तोंड पश्चिमेला होते. जो खेळाडू थांबे त्याला त्याचे नाव घेऊन हाक बसे, कारण नावे आता सर्वांना उखाण्यांतून ठाऊक झाली होती. इकडे पाळी सुटलेले नवरे सायकली आणि मोटरसायकलींवरून घरी पोहोचले, कुलपे पाहून चकित झाले आणि बायकांचा शोध घेत मैदानाकडे आले. "चहा?" असे विचारण्यासाठी उघडलेली तोंडे तशीच उघडी राहिली. बस आली, थांब्यावरचे लोक बसमध्ये चढले नाहीत. बस थांबली, बसमधले लोक उतरले. कुंपणावर माणसे, मांडवाच्या खांबांवर माणसे, भय्यासाहेब खुर्चीवर उभे. नीलकंठराव सायकल हातात धरून त्या गर्दीच्या काठाशी उभे होते. आपले डोळे पाणावले आहेत हे त्यांना चष्मा पुसतानाच समजले. ज्या क्लबला शहरात कुणी विचारत नव्हते, त्याच्यासाठी शहर पायांच्या चवड्यांवर उभे होते.

सामना शून्य-शून्य संपला. बायकांना वाटले आपण जिंकलो, आणि त्यांना तसे न सांगण्याइतके पंच दिवाकर सुज्ञ होते. सगळ्या मैदानात धावल्या. क्षमाने सगळ्यांदेखत नवऱ्याच्या कपाळाची धूळ पुसली. दिवाकरांना कुणीतरी पुरोहित म्हणून तिळगूळ दिला आणि वाकून नमस्कार केला. मग अंधार पडू लागला, आणि हसत, बोलत, सामन्यावर वाद घालत सारे आपापल्या घरी गेले.

नीलकंठरावांना तेव्हा शुद्ध आली. "अंकल," प्रणोती समोर उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. तिने हात पुढे केला. यंत्रावर सदतीस हाच आकडा होता. "मी गिनना भूल गई. वो बॉल आया ना... मग मी पण ओरडत होते. एकदाही दाबलं नाही."

नीलकंठरावांनी ते यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिले. पण तपासनिसाची बुद्धी अशा वेळी चालते. "वाट्या!" ते म्हणाले. "जेवढ्या वाट्या गेल्या तेवढ्या बाया. पुरावा आहे!" ते धावत मांडवात गेले. विभावरीबाई पोत्यांशेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"किती उरल्या?"

"तीनशे अठ्ठेचाळीस," विभावरीबाई म्हणाल्या. "एकीनेही वाण नेलं नाही. विसरल्या साऱ्या. चाळीस वर्षांत असं पाहिलं नाही मी."

वाट्यांच्या साक्षीने त्या दिवशी मैदानावर कुणीच आले नव्हते.

प्रणोतीने मांडवातल्या चौरंगावर अहवालाचा कागद ठेवला. सदतीस लिहिणे खोटे होते. तीनशे लिहिणेही खोटे होते. तिने मोजले नव्हते. तिने लेखणीचे टोपण काढले. नीलकंठराव शेजारी उभे होते, आणि 'लिही गं चारशे' हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले होते. पण न मोजलेल्या मालावर त्यांनी अडतीस वर्षांत कधी शिक्का मारला नव्हता. विजयध्वजचे नाव एका बाजूला आणि हे दुसऱ्या बाजूला. त्यांनी ओठ मिटले.

"जे खरं आहे ते लिही, बाळा," ते म्हणाले.

तिने दर्शक-संख्येच्या रकान्यात लिहिले, 'गिने नहीं जा सके.'

नवव्या दिवशी लीगचे उत्तर आले. तीनशेहून कमी संख्येस कलम होते आणि तीनशेहून अधिक संख्येसही कलम होते, परंतु 'गिने नहीं जा सके' या संख्येस नियमावलीत कलम नव्हते. सबब प्रकरण समितीकडे विचारार्थ पाठवण्यात आले असून निर्णय होईपर्यंत विजयध्वज फुटबॉल क्लबचे नाव कायम राहील. श्यामसुंदरजी म्हणाले, "समिति में गया? फिर तो अंकल, आप अमर हो गए."

विभावरीबाईंचे लक्ष दुसरीकडे होते. "बायांच्या नावाचं वाण घरात ठेवता येत नाही. रथसप्तमीच्या आत दिलं पाहिजे."

रथसप्तमीच्या आधीचा शनिवार घरच्या सामन्याचा होता. या वेळी मांडव घातलाच नाही. बायका आपापल्या सतरंज्या घेऊन आल्या आणि पश्चिमेकडे तोंड करून बसल्या. तिवारीणबाईंनी थर्मास आणला होता, शुक्लाईनबाईंनीही, क्षमाने मोठी किटली. साडेचारला भोंगा झाला. मैदानावर दहा खेळाडूंच्या पावलांत क्षणभर काहीतरी अडखळले; पण कडेने अकरा नावांच्या हाका उठल्या आणि पावले पुढे पडली. थर्मासची झाकणे उघडली. कारखान्याच्या फाटकातून सुटलेले नवरे घराकडे न वळता थेट मैदानाकडे येऊ लागले.

नीलकंठरावांचा हात पिशवीपर्यंत गेला होता. त्यांनी तो तिथून उचलला आणि मांडीवर ठेवला.

संध्याकाळी विभावरीबाई रिकामी पोती झटकत आल्या. "वाट्या पुरल्या नाहीत. त्या घरातल्या नापास बारासुद्धा द्याव्या लागल्या. किती आल्या होत्या हो?"

नीलकंठराव मैदानाकडे पाहत होते. "मी मोजल्या नाहीत," ते म्हणाले.

विभावरीबाईंनी पोती खाली ठेवली आणि त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.